पोथ्यांचे फडताळ

घरातील जुनी वस्तू नव्या कामास लावणे हा काटकसरीचा प्रश्न आहे, असे आपण सामान्यतः समजतो. तो धर्माचाही प्रश्न होऊ शकतो, हे आम्हांस गेल्या पावसाळ्यात एका फडताळापायी उमगले.

आजोबांच्या वेळचे हे फडताळ फणसाच्या लाकडाचे. त्यात तांबड्या बासनांत बांधलेल्या पोथ्या असत. नवरात्रात सरस्वतीपूजनाला त्याच्यापुढे समई लागे. पुढे पोथ्या जीर्ण झाल्या. आमच्या पुतण्याने त्यांच्या एकेका पानाचे छायाचित्र घेतले आणि मूळ पोथ्या कोरड्या पेटीत ठेवल्या. ती छायाचित्रे ज्या संगणकात व ज्या हार्ड डिस्कांवर आहेत, ती यंत्रे याच फडताळात ठेवावी, असे त्याच्या मनाने घेतले. काकींना ते रुचले नाही. "पोथ्यांच्या जागी यंत्र! उद्या देव्हाऱ्यातही ठेवशील, बाबा," एवढेच त्या म्हणाल्या.

पुतण्याच्या मागणीत तसे नवल नव्हते. यंत्रांना घरच्या लाकूडसामानात थारा देण्याची रीत घरगुती संगणकाइतकीच जुनी आहे. १९७६ साली अॅपल कंपनीचा पहिला संगणक विक्रीस आला, तो पेटीवाचून, नुसत्या पाटीच्या रूपात. पेटी ज्याची त्याने करावयाची. कित्येकांनी ती लाकडाची केली. कचेऱ्यांतील सर्व्हर ज्या लोखंडी मांडणीत बसवितात, तिचे माप १९ इंचांचे ठरलेले आहे. स्वीडनमध्ये उदयास आलेल्या आयकिया कंपनीचे 'लॅक' नावाचे एक लहानसे स्वस्त मेज आहे. त्याच्या पायांमधील अंतर या मापाशी इतके जुळते, की हौशी मंडळी पायांनाच स्क्रू मारून त्यात यंत्रे बसवितात. त्या मेजाबद्दल कोणास हळहळ वाटत नाही. ते आतून बरेचसे पोकळ असते, आणि त्याच्यापुढे कोणी समई लावलेली नसते.

तेव्हा प्रश्न असा, की लाकडास पावित्र्य येते कशाने आणि जाते कशाने?

आपल्या परंपरेने याचा विचार केलेला आहे. चतुर्थीस ज्या चौरंगावर गणपती बसतो, तो उत्तरपूजा होऊन मूर्ती हलली की पुन्हा चौरंगच होतो. १५६० साली मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून प्रियोळास नेण्यात आले. मागे राहिलेल्या भिंतींपाशी भक्ती अडून राहिली नाही; देव जेथे, तेथे देऊळ उभे राहिले. पावित्र्य सेवेच्या मागोमाग चालते. या न्यायाने पाहता पुतण्याचा पक्ष बळकट ठरतो. ते फडताळ पूर्वी पोथ्या सांभाळीत होते, पुढेही एका परीने पोथ्याच सांभाळणार होते.

परंतु एवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे झाले नसते. पूर्वजांनी स्थान सोडले ते परकी सत्तेच्या धाकाने. आमच्यापुढे धाक कसला? केवळ सोयीचा प्रश्न होता. संकटात केलेला बदल आणि सोयीसाठी केलेला बदल एकाच तराजूत घालता येत नाहीत. त्यातून यंत्राचा स्वभाव असा, की घेतलेली वीज ते जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकते. बंद फडताळात ती उष्णता कोंडते व यंत्राचे आयुष्य घटते. म्हणून हवेसाठी एक भोक, तारांसाठी दुसरे, असा बेत होता, आणि पुतण्याने करवत आणलीही होती. काकींचा खरा विरोध यंत्राला नसून त्या करवतीला होता, हे आमच्या ध्यानी उशिरा आले.

मात्र काकींनाही एक गोष्ट विनयाने सांगणे प्राप्त होते. पोथ्या निघाल्यापासून ते फडताळ मागच्या ओलसर खोलीत पडून होते आणि त्याच्या एका पायाला वाळवी लागली होती. आदरापायी अडगळीत टाकणे हा आदर नव्हे. ते सभ्य रीतीने विसरणे होय.

शेवटी मार्ग निघाला तो साधा होता. पाठीची फळी स्क्रूंवर बसविलेली होती. ती न कापता सोडविली आणि कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली. वाळवीने खाल्लेला पाय सुताराकडून बदलून घेतला. फडताळ भिंतीपासून वीतभर पुढे ओढले, म्हणजे गरम हवेस वाट मिळते. वरच्या कप्प्यात यंत्र ठेवले नाही. तेथे जुनी बासने घडी करून ठेवली आहेत. उद्या संगणक निकामी होईल, आणि फणसाच्या लाकडाच्या मानाने तो लवकरच होईल. तेव्हा फळी पुन्हा जागेवर बसेल.

यावरून आम्हांस वाटते ते असे. वडिलार्जित वस्तूला काम द्यावे. कामावाचून ती मरते. पण आपला निर्णय पुढच्या पिढीस फिरविता येईल, इतकाच हात तिला लावावा. आपण तिचे धनी नसून राखणदार आहोत. देव्हाऱ्याविषयी काकींनी जे विचारले, त्याचे उत्तरही यातच आहे: जेथे सेवा चालू आहे, तेथे सोयीने पाऊल ठेवू नये.

त्या नवरात्रात काकींनी फडताळापुढे पुन्हा समई लावली. तारांपासून ती चार हात दूर ठेवण्याची सूचना मात्र पुतण्याने केली, आणि ती त्यांनी मानली.