न पाहिलेल्याचे हरवणे

१

हरवलेल्या वस्तूचा शोध घेणारा ती वस्तू पूर्वी आपल्याजवळ होती असे गृहीत धरूनच शोध घेत असतो. ‘हरवणे’ या क्रियेत ‘असणे’ आधीच अंतर्भूत असते. दूरचित्रवाणीच्या जुन्या मालिकांचे हरवलेले भाग शोधण्याचा जो उद्योग गेली काही दशके जगभर चालू आहे, त्याच्याही मुळाशी हेच गृहीत आहे. ज्यांनी ते भाग एकदा पाहिले त्यांना ते पुन्हा पाहावेसे वाटतात. त्यांच्या स्मृतीतून शोधाची यादी तयार होते आणि त्या यादीनुसार कोठारे, घरचे माळे, जुन्या चित्रफिती धुंडाळल्या जातात. हा उद्योग स्मरणरंजनाचा आहे असे म्हणून त्याची बोळवणही केली जाते. परंतु ज्यांनी ते भाग कधी पाहिलेच नाहीत, पाहण्याची सोयच ज्यांना नव्हती, त्यांचेही काही हरवले आहे असे म्हणता येईल काय? प्रश्न वरवर शाब्दिक वाटतो. वस्तुतः तो सांस्कृतिक संचितावर कोणाचा आणि कशामुळे अधिकार पोचतो, असा नैतिक प्रश्न आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात तो विशेष तीव्रतेने उभा राहतो.

२

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळ येथे भरले आणि ग. दि. माडगूळकर हे त्याचे अध्यक्ष होते. या दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. मराठी वाङ्मयव्यवहाराचे जुने व्यासपीठ यवतमाळपर्यंत चालत आले होते. त्याच व्यवहाराचे नवे माध्यम मात्र यवतमाळपासून पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर होते आणि त्याच्या लहरी जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या परिसरात विरून जात होत्या. ‘मराठी दूरदर्शन’ या शब्दप्रयोगाने मराठी भाषिकांच्या समग्र समूहाचा बोध होत असला, तरी त्याची प्रत्यक्ष व्याप्ती मुंबई आणि नंतर पुणे यांच्या आसपासच्या पट्ट्यापुरती होती.

या पट्ट्यात जे घडले ते सांस्कृतिक दृष्ट्या नगण्य नव्हते. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मधून साहित्यिक व कलावंत बोलत होते, ‘गजरा’ने नाट्यप्रवेशांचा एक आटोपशीर घाट निर्माण केला, आणि चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाला दिलीप प्रभावळकर यांनी, तर गुंड्याभाऊला बाळ कर्वे यांनी देह आणि आवाज दिला. चिमणराव ग्रंथालयांतून यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेडपर्यंत केव्हाच पोचलेला होता. येथील वाचक त्याला ओळखत होता. अक्षरांतला चिमणराव त्याच्याजवळ होता, अभिनयातला नव्हता. उपग्रह आणि लघुशक्ती प्रक्षेपक यांच्या साहाय्याने १९८० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणी जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली. तीही आरंभी प्रामुख्याने दिल्लीचा कार्यक्रम घेऊन. मराठी दूरदर्शनचे आरंभपर्व तोवर होऊन गेले होते, आणि त्यातील बरेचसे पुसलेही गेले होते.

३

पुसले जाण्याची कारणे सर्वज्ञात आहेत. काही कार्यक्रम थेट सादर होत, त्यांची फीत कधी निघालीच नाही. जे मुद्रित झाले त्यांच्या फिती महाग होत्या, मोजक्या होत्या आणि पुन्हा वापरता येत होत्या. एका कार्यक्रमावर दुसरा कार्यक्रम मुद्रित करणे ही जगभरच्या प्रसारणसंस्थांची रूढ पद्धत होती. ब्रिटनमध्ये बीबीसीनेही तेच केले. त्यामुळे येथे कोणा एका खलपुरुषाचा शोध घेणे व्यर्थ होय. टंचाईच्या अर्थशास्त्रात फीत पुसणारा कर्मचारी व्यवहार्य शहाणपणाने वागत होता.

पण या शहाणपणामागे एक समजूत दडलेली होती आणि नैतिक विचाराचा विषय तीच होय. कार्यक्रम प्रक्षेपित झाला म्हणजे त्याचे कार्य संपले, ही ती समजूत. वॉल्टर बेंजामिन याने १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे एकमेवत्व लोपते आणि ती प्रेक्षकाच्या ठिकाणी जाऊन पोचते, असा विचार मांडला होता. आरंभीच्या दूरचित्रवाणीची गंमत अशी की ती या दोन्ही अवस्थांच्या मध्ये अडकलेली दिसते. यंत्राने निर्माण झालेली असूनही ती नाट्यप्रयोगासारखी एकदाच घडे आणि विरून जाई. पुनरुत्पादनाची क्षमता फितीत होती, ती वापरली गेली नाही. पाहणाऱ्याच्या दृष्टीने हा कार्यक्रम एकदा भेटून गेला आणि स्मृतीत उरला. लहरींच्या परिघाबाहेर असलेल्याच्या दृष्टीने मात्र फीत हीच त्या कार्यक्रमाला भेटण्याची एकमेव शक्यता होती. मुंबईच्या प्रेक्षकाच्या बाबतीत फीत पुसणे म्हणजे दुसरी भेट नाकारणे, तर यवतमाळच्या बाबतीत पहिलीच भेट नाकारणे होय. ‘प्रक्षेपित झाले’ आणि ‘पोचले’ यांचे समीकरण मांडताना केंद्राने आपल्या परिघाबाहेरच्या मराठी समाजाला हिशेबातच धरले नव्हते, असे म्हणणे भाग आहे.

४

या ठिकाणी बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे उदाहरण उद्बोधक ठरते. १९६३ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचे त्या दशकातील अनेक भाग पुसले गेले. त्यांतील नऊ हरवलेले भाग २०१३ मध्ये परत मिळाल्याचे जाहीर झाले. ते सापडले लंडनपासून फार दूर, नायजेरियातील जोस या शहरातील एका दूरचित्रवाणी केंद्रात. परदेशी केंद्रांना विकण्यासाठी काढलेल्या चित्रपट-प्रती तेथे पडून राहिल्या होत्या. केंद्राने जे पुसले ते परिघाने, जवळजवळ नकळत, सांभाळले.

या उदाहरणाचा धडा असा की दूरवर पाठवणे हाच जतनाचा एक मार्ग असतो. प्रत जितकी दूर जाते तितकी ती केंद्राच्या टंचाईपासून सुरक्षित राहते. मराठी दूरदर्शनच्या बाबतीत नेमके हेच घडू शकत नव्हते. लंडनहून जोसपर्यंत प्रत जाण्यास व्यापाराचे कारण होते. मुंबईहून यवतमाळपर्यंत प्रत जाण्यास कोणतेच कारण नव्हते, कारण येथे ती दाखवणारे केंद्रच नव्हते. परिघापर्यंत न पोचणे आणि केंद्रात न उरणे या दोन वेगळ्या दुर्घटना वाटतात, पण त्या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत.

५

हरवलेल्या संहितेचा प्रश्न मराठीला नवा नाही. यवतमाळच्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे ज्या ग्रंथाचे जन्मस्थान, त्या लीळाचरित्राची कथा या दृष्टीने पुन्हा आठवण्याजोगी आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांना भेटून त्या गोळा केल्या. पुढे खलजींच्या आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली आणि अनुयायांनी, विशेषतः हिराइसेने, ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असे महानुभाव परंपरा सांगते. आज अभ्यासक ज्याला लीळाचरित्र म्हणतात त्याच्या मागे हा हरवण्याचा आणि आठवण्याचा इतिहास आहे. पाठभेद हा त्या ग्रंथाचा दोष मानण्याचे कारण नाही, कोणाच्या स्मरणातून काय आले याची ती साक्ष आहे.

तथापि येथे साम्य ताणून चालणार नाही. हिराइसेची स्मृती ही पाठाची स्मृती होती. ती नित्य पठणाने, समूहाच्या शिस्तीने आणि श्रद्धेने घडलेली होती. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाची स्मृती एका संध्याकाळची असते. तिच्यात शब्दांपेक्षा वातावरण अधिक उरते: एक लकब, एखादे हसू, ज्यांच्या घरी संच होता त्या शेजाऱ्यांकडे जमलेली गर्दी. या स्मृतीतून भागाची संहिता पुन्हा उभी राहू शकत नाही. पण दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. लीळा ज्यांनी पाहिल्या नव्हत्या त्यांच्यासाठीच त्या आठवल्या गेल्या. न पाहिलेला अनुयायी हा त्या स्मरणाचा खरा उद्दिष्ट श्रोता होता. हरवलेल्या भागांच्या आजच्या शोधात न पाहिलेल्या प्रेक्षकाला असे कोणतेही स्थान नाही.

६

याचा परिणाम शोधाच्या विषयांवरही होतो. चिमणराव शोधला जातो, कारण तो आठवतो. शेतकऱ्यांसाठी असलेल्या ‘आमची माती, आमची माणसं’ या कार्यक्रमाचे जुने भाग त्याच तळमळीने शोधले जात नाहीत. ते हरवले काय आणि उरले काय, हळहळणारा समूह संघटित नाही. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील शेतकरी कुटुंबाच्या १९८६ मधील सामूहिक आत्महत्येपासून महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांची चर्चा सुरू होते. त्या वर्षापूर्वी राज्याचे माध्यम शेतकऱ्याला काय सांगत होते, कोणत्या भाषेत सांगत होते, कोणते बियाणे आणि कोणती आशा त्याच्यापुढे ठेवत होते, हे पाहण्याची गरज विरंगुळ्याची नव्हे. तो इतिहासाचा पुरावा आहे. स्मरणरंजनाने तयार केलेल्या यादीत असा पुरावा बसत नाही.

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. सर्वच जपले पाहिजे हा आग्रह अव्यवहार्य आहे आणि विस्मरण हीही संस्कृतीची गरज आहे, हा पहिला आक्षेप. तो तत्त्वतः मान्य करता येईल. परंतु विसरण्यासाठी आधी माहीत असावे लागते. ज्याला कधी कळलेच नाही त्याच्या वतीने दुसऱ्याने विसरून टाकणे याला विस्मरण म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप असा की जे मिळालेच नव्हते ते हरवले असे म्हणणे ही भाषेची ओढाताण आहे. याचे उत्तर एकत्र कुटुंबाच्या व्यवहारात सापडते. वाटणी होण्यापूर्वीच कर्त्याने सामाईकातले काही मोडून टाकले, तर अज्ञान वारसाला ते कधी हाताळता आले नव्हते म्हणून त्याचे काही गेले नाही, असे कोणी म्हणत नाही. सार्वजनिक पैशावर चालणारी प्रसारणसंस्था ही मालक नसून विश्वस्त असते. तिच्या संचितातील वाटा लहरी पोचण्यावर अवलंबून राहू शकत नाही.

१९८७-८८ मधील ‘रामायण’ मालिका २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा दाखवली गेली तेव्हा जतन झालेल्या फितीचे सामर्थ्य साऱ्या देशाने पाहिले. मुंबई दूरदर्शनच्याही काही जुन्या मुलाखती आणि प्रयोग आता पुन्हा पाहावयास मिळतात. जे उरले आहे ते यवतमाळकडेही आज त्याच क्षणी पोचू शकते, हा बदल लहान नाही. म्हणूनच जे उरले नाही त्याची नोंदही तितक्याच काटेकोरपणे झाली पाहिजे: कोणता कार्यक्रम, कोणते वर्ष, कोणते सहभागी, फीत होती की नव्हती, आणि त्या दिवशी तो कुठवर दिसत होता. यातला शेवटचा रकाना कोणत्याही सूचीत सहसा आढळत नाही. तो भरला गेला, तर मराठी दूरदर्शनच्या इतिहासात यवतमाळसारख्या जिल्ह्यांची अनुपस्थिती निदान अनुपस्थिती म्हणून नोंदली जाईल. फिती मिळोत अथवा न मिळोत, शोधाची नैतिक सुरुवात तेथूनच होऊ शकते.