कुर्रा आणि कारभारी

हजसाठी अर्ज जास्त, जागा कमी. म्हणून हज कमिटी कुर्रा काढते. नाव न निघालेला हळहळतो, पण भांडत नाही. मग जमातीचे कारभारी चिठ्ठीने निवडू म्हटले, की आम्ही का दचकतो? "अडाणी माणूस बसला तर?" ही भीती खोटी नाही. प्राचीन अथेन्सनेही सेनापती मतानेच निवडले. पाचशेंचे मंडळ मात्र चिठ्ठीने, वर्षापुरते. आयुष्यात फार तर दोनदा, आधी चौकशी, शेवटी हिशेब. (बायका आणि गुलाम चिठ्ठीबाहेरच!) आमच्याकडे एकदा बसलेला वर्षानुवर्षे उठत नाही आणि हिशेब मागणारा फितूर ठरतो. इमाम, मुदर्रिस इल्म पाहूनच नेमावेत. पण वर्गणीचा हिशेब तपासणारे पाच जण तरी दरसाल चिठ्ठीने काढू या, आणि त्या चिठ्ठ्यांत बायकांचीही नावे टाकू या.