इष्टतम

‘ऑप्टिमम’साठी मराठीत ‘इष्टतम’ म्हणतात. तमिळमध्ये ऑप्टिमायझेशनला ‘उगप्पाक्कम’ म्हणतात, आणि ‘उगप्पु’ म्हणजे आवड, आनंद. दोन्ही भाषांनी गणिताच्या शब्दात इच्छा शिल्लक ठेवली आहे. हे माझ्या लक्षात आलं ते तंजावरला, एका व्हिडिओ गेममुळे.

सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद पाहायला जाते तेव्हा मी एका तंजावरी मराठी कुटुंबात उतरते. घरात जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. तिथल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. गेममधली तलवार पायरीपायरीने वाढवायची असते. दर प्रयत्नाला नाणी जातात आणि प्रयत्न फसूही शकतो. नाणी आधी तलवारीवर घालावीत की चिलखतावर, हे प्रोग्रॅम सांगतो.

त्याच्या आजीच्या मते ही लबाडी. मला तसं वाटत नाही. यशाची शक्यता १० टक्के असेल तर दहा प्रयत्नांत काम होणारच, असं मन धरून चालतं. प्रत्यक्षात दहाही प्रयत्न फसण्याची शक्यता जवळजवळ ३५ टक्के असते. हे आधी ठाऊक असणं लबाडी कशी? लबाडी पलीकडूनही होते. दक्षिण कोरियातल्या ‘मेपलस्टोरी’ गेममध्ये वस्तू सुधारायला खेळाडू पैसे देऊन ‘क्यूब’ घेत. ज्यांना मागणी जास्त, त्या गुणांची शक्यता कंपनीने न सांगता घटवली. काही जोड्या तर कधी येणारच नाहीत अशी सोय केली. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने नेक्सॉनला सुमारे ११.६ अब्ज वॉन दंड ठोठावला. मार्चपासून अशा शक्यता जाहीर करणं कायद्यानेच बंधनकारक झालं.

आजीचा शब्द मात्र डोक्यातून जाईना. प्रोग्रॅम ‘आधी काय’ एवढंच सांगतो. तलवार हवी का, हा प्रश्न त्यात कुठे टाकायचा? तलवार हवीशी व्हावी असाच पुढचा शत्रू गेमने उभा केलेला असतो. म्हणजे ‘इष्ट’ त्यांनी ठरवायचं, आपल्या वाट्याला फक्त ‘तम’. (भाषांतरातही पुष्कळदा असंच असतं, पण मला पुस्तक नाकारता तरी येतं.)

मुलाला हे सांगितलं. तो म्हणाला, “अक्का, खेळायचंच नाही म्हटलं तर हिशेब कशाचा करू?” उत्तर बिनतोड होतं. पण रात्री त्याने तक्त्यात एक रकाना वाढवला: तेवढी नाणी मिळवायला लागणारे तास. तलवारीपुढे ४१ आले. तो जरा वेळ त्या आकड्याकडे पाहत बसला, मग त्याने चिलखताची ओळ उघडली.