वाघ आला, त्याचा खर्च

डिसेंबर 2024 मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात पट्टेरी वाघ दिसला, तेव्हा मला अपार आनंद झाला. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला तो तरुण नर चारशेहून जास्त किलोमीटर चालत, महामार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडत, असंख्य गावांच्या शिवारांतून धाराशिवात पोचला होता. आमच्या पिढीनं इथं वाघ पाहिला नव्हता. बालाघाटाच्या या कोरड्या, उतरत्या डोंगरांत मोर, माकडं, तरस, लांडगे पाहावेत आणि वाघासाठी ताडोबा गाठावं, अशीच आमची समजूत.

जनावरं पाहण्याचं माझं वेड जुनं आहे. मध्य अमेरिकेच्या नकाशावर मी कित्येक संध्याकाळी घालवल्या आहेत. कोस्टा रिकातल्या मोंतेवेर्देचं ढगांत बुडालेलं रान आणि तिथला केत्साल पक्षी, तोर्तुगेरोच्या वाळूत रात्री अंडी घालायला येणारी हिरवी कासवं, बेलीझमधल्या कॉक्सकोम्बचे जग्वार. हे सगळं एकदा डोळ्यांनी पाहावं असं फार वाटतं, आजही. त्या वाटण्यात काही वावगं आहे असं मी मानत नाही.

पण कॉक्सकोम्बविषयी वाचताना एक गोष्ट मनात रुतून बसली. 1986 मध्ये तिथं खास जग्वारसाठी अभयारण्य झालं, जगातलं अशा प्रकारचं पहिलं. त्यासाठी आत राहणाऱ्या माया कुटुंबांना रान सोडावं लागलं आणि ती बाहेर माया सेंटर या गावी राहायला आली. पुढे त्यांच्यापैकी काही जण वाटाडे झाले, बायका हातच्या वस्तू विकू लागल्या. म्हणजे पाहुण्याच्या खिशातलं थोडं तरी त्यांच्या चुलीपर्यंत पोचलं. ज्यांनी घर सोडलं त्यांच्या दृष्टीनं हिशोब पुरा झाला का, ते त्यांनीच सांगावं. तिकडं जाणाऱ्यानं मात्र तो विचारायला हवा, असं मला तीव्रतेनं वाटतं. मग येडशीत तो कोणी विचारायचा?

हे अभयारण्य 22.37 चौरस किलोमीटरचं. एवढ्यात पूर्ण वाढलेला नर वाघ मावत नाही. तो शिवारात उतरणारच. तो उतरला, बार्शी तालुक्याच्या बाजूलाही गेला, जनावरं मारली. आमच्याकडं शेतीपंपाची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते. ज्वारीला, उसाला दारं धरायला माणूस मध्यरात्री बॅटरी घेऊन एकटा रानात जातो. त्या महिन्यांत घरातल्या बाया दाराशी जागत बसायच्या. येडशीजवळच्या वस्तीवरचा एक शेतकरी मला म्हणाला, "सर, तुम्ही वाघ बघायला येता, आमाला त्यो दिसू नये म्हनून नवस बोलावा लागतोय." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं.

वाघानं गाय मारली तर सरकार भरपाई देतं: बाजारभावाच्या 75 टक्के, किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांत जे कमी असेल ते. त्यासाठी वेळेत कळवायचं, वनरक्षकाची वाट पाहायची, पंचनामा व्हायचा. उरलेले किमान 25 टक्के, बुडालेलं दूध, हुकलेली पाण्याची पाळी, रात्रीची धास्ती, हे सारं तो शेतकरी भरतो. धाराशिवातल्या घरात बसून वाघाची बातमी वाचून मी सुखावतो, ते सुख त्याच्या गोठ्यातून येतं.

जानेवारी 2025 मध्ये वाघाला बेशुद्ध करून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात न्यायचं ठरलं आणि पथकं आली, तेव्हा तो हाती लागू नये असं मला वाटत होतं. तो हाती लागला नाही. ही इच्छा कोणासाठी होती, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं आहे. त्याच्यासाठी? इथं त्याला वाघीण नाही. टिपेश्वरचाच आणखी एक वाघ 2019 मध्ये तेराशे किलोमीटरहून जास्त भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला होता. अशा नराच्या चालण्याला आपण धाडस म्हणतो. तो जोडीदारीण आणि हद्द शोधत असतो. येडशीत त्याला भक्ष्य मिळेल, पण वंश वाढायचा नाही. मग त्यानं इथंच राहावं असं मला वाटतं, त्यातला मोठा भाग माझ्यासाठीचा आहे: माझ्या जिल्ह्याला वाघ असावा, माझ्या डोंगराला मान यावा.

तरीही ती इच्छा मला सोडवत नाही, आणि ती सगळीच स्वार्थी आहे असंही मी म्हणणार नाही. अभयारण्यातल्या रामलिंगाच्या देवळाशी जटायूची कथा जोडलेली आहे. घायाळ पाखराला पाजायला रामानं बाण मारून पाणी काढलं, असं आमच्याकडं लहानपणापासून सांगतात. श्रावणात तिथं दर्शनाला रांग लागते. जखमी पाखराचा सन्मान करणाऱ्या या मातीत वाघालाही जागा असावी, हे मी मनापासून मानतो.

पण "वाघ राहू द्या" हे मी आजवर मित्रांत म्हटलं आहे, भाषणात म्हटलं आहे. त्या वस्तीवर, त्या माणसाच्या ओट्यावर बसून म्हटलेलं नाही. तिथं म्हणायचं तर दिवसाच्या लाईटसाठी त्याच्याबरोबर वीज कार्यालयात जावं लागेल. पंचनाम्याच्या वेळी उभं राहून पूर्ण भरपाईसाठी भांडावं लागेल, आणि परदेशवारीसाठी बाजूला टाकत असलेल्या पैशांतले काही आधी त्याच्या गोठ्याच्या भिंतीला द्यावे लागतील. मग तो "नको" म्हणाला, तर तेही ऐकून घ्यावं लागेल. येत्या सुगीआधी मी त्याच्याकडं जाणार आहे.