वारशाची रायफल आणि तिचे खरे नाव

वारसाहक्काने वस्तू मिळते, पण वस्तूची ओळखही मिळते का? प्रश्न वरवर साधा वाटतो. जमिनीला सातबारा असतो, दागिन्यावर सोनाराचा शिक्का असतो, किताबाच्या पहिल्या पानावर मालकाची सही असते. परंतु जिच्यावरचे नाव तिच्या जन्माबद्दल काहीच सांगत नाही, अशा वस्तूच्या वारसाने काय करावे? याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेत आहे. ते बंदुकीचे असल्यामुळे प्रश्न अधिकच गंभीर होतो.

हरणाची शिकार हा अमेरिकेच्या ग्रामीण भागातला जुना रिवाज. पेनसिल्व्हेनिया राज्यात थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी हंगाम सुरू होई आणि त्या दिवशी अनेक शाळा बंद असत. २०१९ साली ही सुरुवात शनिवारवर आणली गेली. जिथे शिकारीपुढे शाळेचा हजेरीपटही नमतो, तिथे घराघरात रायफल असणे ओघानेच आले. आजोबा वारतात, कपाट उघडते आणि एक लिव्हरची रायफल नातवाच्या हाती येते. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ढकलली की रिकामे काडतूस बाहेर पडते, वर ओढली की नवे काडतूस नळीत बसते. नळीवर नाव असते ‘वेस्टर्न फील्ड’, ‘टेड विल्यम्स’ किंवा ‘फोरमोस्ट’. नातू शोध घेतो, तर या नावाचा कारखाना कधी अस्तित्वातच नव्हता.

ही नावे दुकानांची. ‘वेस्टर्न फील्ड’ हे १८७२ साली टपालाने माल विकू लागलेल्या माँटगोमेरी वॉर्डचे, ‘फोरमोस्ट’ जे. सी. पेनीचे. टेड विल्यम्स हा बेसबॉलचा नामांकित खेळाडू. सीअर्स कंपनीने त्याचे नाव आपल्या मालावर वापरले. बंदूक मात्र घडवली दुसऱ्यांनीच. टेड विल्यम्स मॉडेल १०० ही विंचेस्टर ९४, फोरमोस्ट ३०४० ही मार्लिन ३३६, तर वेस्टर्न फील्ड ७२ ही मॉसबर्ग ४७२. कारखान्याला खात्रीचे गिऱ्हाईक मिळे, दुकानाला स्वस्त माल मिळे आणि शेतकऱ्याला परवडणारी रायफल मिळे. आपल्याकडे शाळकरी मुलाच्या वहीवर दुकानदाराचे नाव छापलेले असते आणि आतला कागद कुठल्या गिरणीचा हे मुलाला ठाऊक नसते, तशीच ही गोष्ट.

ओळख पटवायची तर नाव बाजूला ठेवून शरीर पाहावे लागते. जुन्या विंचेस्टर ९४ चे रिकामे काडतूस वरून उडते. मार्लिनचा माथा बंद असतो आणि काडतूस उजव्या कुशीतून बाहेर पडते. सीअर्सच्या मालावर आकडा असेल तर टिंबाआधीचे तीन अंक कर्त्याचा पत्ता देतात: १०३ म्हणजे मार्लिन, २७३ म्हणजे विंचेस्टर. १९७३ पासूनच्या काही वर्षांत मार्लिनच्या क्रमांकाचे पहिले दोन अंक शंभरातून वजा केले की जन्मसाल निघे. २७ म्हणजे १९७३. गणिताच्या तासाला शोभेल असा हा हिशेब. वस्तू खोटे बोलत नाही. खोटे बोलते, किंवा निदान अर्धे बोलते, ते तिच्यावरचे नाव.

इथवर माहिती झाली. आता नीतीचा प्रश्न.

वारसाच्या मनात पहिला विचार येतो तो मोठेपणाचा. ही विंचेस्टर निघाली तर? एखाद्याला आपल्या कुळाचा मूळ पुरुष कुणी सरदार निघावा असे वाटते, तसाच हा मोह. बाजारही या मोहाला खतपाणी घालतो. यंत्र तेच असले तरी दुकानाच्या नावाची रायफल सहसा कमी किमतीला जाते. संग्राहक पोलादाचे नव्हे, अक्षरांचे पैसे मोजतो. म्हणजे ज्या कारागिराने दोन्ही रायफली एकाच बाकावर सारख्याच मेहनतीने घडवल्या, त्याच्या एका श्रमाला मान आणि दुसऱ्याला नाही. हा न्याय म्हणायचा का?

यावर कुणी म्हणेल, मग दुकानाचे नाव हा मुखवटाच समजा आणि खरे नाव तेवढे सांगा. मला हेही पटत नाही. आजोबांनी मार्लिन विकत घेतली नव्हती. त्यांनी सूचिपत्र चाळले, महिन्याच्या कमाईतून पैसे बाजूला काढले आणि ज्या दुकानातून घरची भांडी आणि मुलांचे कपडे आणले, त्याच दुकानावर भरवसा ठेवला. त्यांच्यापुरते ते नाव खरेच होते, कारण तो एका सामान्य माणसाने टाकलेला विश्वास होता. ते पुसून भारी नाव लावणे म्हणजे आजोबांचा इतिहास खोडणे होय. घडवणाऱ्याचे नाव एक सत्य, विकणाऱ्याचे दुसरे आणि वापरणाऱ्याचे तिसरे. ओळख या तिन्हींची मिळून होते.

परंतु बंदुकीच्या बाबतीत प्रश्न एवढ्यावर संपत नाही. जुने घड्याळ ओळखता आले नाही तर फार तर वेळ चुकेल. रायफल ओळखली नाही तर जीव जाईल. ती कोणत्या काडतुसासाठी बनली आहे हे न जाणता चुकीचे काडतूस घातले, तर चालवणाराच जखमी होऊ शकतो. नळीखालच्या लांब नळकांड्यात काडतुसे एकामागे एक बसतात. पुढच्याच्या बुडाला मागच्याचे टोक टेकते, म्हणून तिथे चपट्या तोंडाच्या गोळ्या वापरायची रीत पडली. धातूची टोकदार गोळी धक्क्याने पुढच्या काडतुसाचा स्फोट करू शकते. अशा ठिकाणी ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव टिकत नाही. जे जाणून घेणे आपल्या हाती होते ते न जाणणे हे अज्ञान नव्हे, हयगय आहे.

कायद्यालाही हे उशिरा उमगले. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून ज्या रायफलीने झाला ती टपालाने मागवलेली होती. त्यानंतर १९६८ च्या कायद्याने सामान्य ग्राहकाला परराज्यातून टपालाने बंदूक मागवण्यास बंदी केली आणि प्रत्येक नव्या बंदुकीवर क्रमांक सक्तीचा केला. त्याआधीच्या अनेक स्वस्त बंदुकांवर क्रमांकच नसे. क्रमांक म्हणजे काय? या वस्तूबद्दल कुणाला तरी जाब विचारता येईल, याची ती खूण.

आज मात्र जाब विचारायचा कुणाला? माँटगोमेरी वॉर्डची दुकाने २००१ मध्ये बंद झाली, सीअर्सने २०१८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. मार्लिन आधी रेमिंग्टनकडे गेली आणि २०२० मध्ये रुगरने विकत घेतली. विकणारा गेला, घडवणाऱ्याचा धनी बदलला, घेणारा कबरीत आहे. उरला तो फक्त वारस. जबाबदारी हस्तांतरित होत होत शेवटी त्याच्या दारात येऊन थांबते. मालकी त्याला फुकट मिळाली, जबाबदारी मात्र त्याने स्वतः उचलायची आहे.

म्हणून मला वाटते, वारसा हा हक्क कमी आणि अमानत जास्त आहे. अमानत सांभाळायची तर आधी ती काय आहे हे कळले पाहिजे. ओळख पटवायची ती किंमत ठरवण्यासाठी किंवा मिरवण्यासाठी नव्हे, तर पुढे काय करायचे हे डोळे उघडे ठेवून ठरवता यावे म्हणून. ती रायफल तो जंगलात नेईल, कुलपात ठेवील, नाही तर कायमची निकामी करून टाकील; निर्णय त्याचा. आजोबा नेमबाज होते म्हणून नातवाचा नेम लागत नाही, आणि आजोबा नेक होते म्हणून रायफल नेक ठरत नाही. पोलादाला नियत नसते. ती ज्याच्या हातात बंदूक आहे त्याची असते, आणि ती कुणालाही वारशात मिळत नाही.