पाटी नसलेलं मशीन

“किर्लोस्कर असेल तर वीस हजार जास्त देतो,” गिऱ्हाईक म्हणालं. घाटकोपरला असल्फ्यातला आमचा गाळा बाबा बंद करत होते, शेवटचं लेथ तेवढं उरलं होतं. बाबा हात पुसत म्हणाले, “माहीत नाही. मी घेतलं तेव्हाही पाटी नव्हती.”

पाटीची जागा मात्र होती. हेडस्टॉकवर रिव्हेटची चार भोकं, मधे रंगाचा फिकट चौकोन. त्या रविवारी मी टॉर्च घेऊन मशीनखाली आडवा झालो. तेल आणि किसाचा लगदा रॉकेलनं पुसल्यावर ओतकामातच उठलेला एक आकडा सापडला. तो साच्याचा नंबर, कंपनीचा नव्हे. मग आटे तपासले. लीडस्क्रूवर इंचाला चार. बोल्टच्या आट्यात ५५ अंशांचं गेज चपखल बसलं, म्हणजे व्हिटवर्थ: जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली इंग्लंडात सुचवलेलं माप. मी ओरडलोच, “बाबा, विलायती आहे!”

बाबा हसले. “अरे, मेट्रिकचा कायदा १९५६ चा, पण आम्ही कायम सुतातच बोलत आलो. बटाल्याचं मशीनही तुला हेच सांगेल.” बटाला, लुधियाना, राजकोट इथल्या कारखान्यांनी विलायती लेथं बघून तशीच लेथं घडवली. हरिहरची म्हैसूर किर्लोस्कर तर १९४१ पासूनची. आट्यांवरून घराणं कळतं, नाव कळत नाही.

मधला दलाल म्हणाला, “पितळी पाटी मी आणतो, चार रिव्हेट मारायचे.” खोटं कशाला बोलू, मला ते पटलं होतं. मशीन तेच, काम तेच, मग फसलं कोण? पण गिऱ्हाईक वीस हजार पितळेचे देणार नव्हतं. उद्या गिअरचा दात तुटला, तर त्या नावाचा गिअर आणून बसवता येईल, या भरवशाचे देणार होतं. तो गिअर बसला नसता.

मग मला दुसरंच सुचलं. क्रॉस स्लाइडचा गनमेटलचा नट बाबांनी कातलेला. बेड झिजला तेव्हा निळा रंग लावून, उंचवटे शोधत, त्यांनी तो स्क्रॅपरनं हातानं घासलेला. प्लुटार्कनं सांगितलेल्या थीसियसच्या जहाजाच्या सगळ्या फळ्या बदलल्या, तेव्हा जहाज तेच राहिलं का, यावर तत्त्वज्ञ अजून भांडतात. सुतार कोण होते, हे कुणी विचारत नाही. म्हटलं, “बाबा, पाटी लावायचीच तर तुमच्या नावाची लावू.”

ते चिडलेच. “मी दुरुस्त केलं. बनवणारा वेगळा. त्यानं लाकडाचा साचा कोरला, ओतलं, बेड सरळ काढला. त्याचं नाव गेलं म्हणून ती जागा माझी होते काय?”

दलालाच्या पाटीला नाही म्हणताना ते इतके चिडले नव्हते.

गिऱ्हाइकानं वीस हजार कमीच दिले. टेम्पोत मशीन चढवताना बाबांनी पावतीवर लिहिलं: ‘जुनं लेथ, बेड साडेचार फूट. मेक माहीत नाही. क्रॉस स्लाइडचा नट इथे बनवलेला, बाजारात मिळणार नाही. लागला तर फोन करा.’