निष्कारण वैरी

भर्तृहरीने नीतिशतकात हरिण, मासा आणि सज्जन यांस एका पंक्तीस बसविले आहे. गवत, पाणी आणि संतोष यांवर हे तिघे आपला निर्वाह करितात. तरीही पारधी, धीवर आणि चहाडखोर हे त्यांचे निष्कारण वैरी होतात, असे त्याचे म्हणणे आहे. हे म्हणणे ऐकून पुष्कळांनी मान डोलाविली असेल. परंतु भंडारा जिल्ह्यातील मनुष्यास त्यातील एक नाव खटकल्यावाचून राहत नाही.

येथे धीवर हा केवळ दृष्टान्तातला नव्हे. तो ढिवर या नावाने शेजारी नांदतो. कोहळी समाजाने खपून बांधलेले जुने मालगुजारी तलाव आणि वैनगंगेचे पात्र यांवर त्याचे पोट पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. जो जाळे टाकून मिळालेली मासळी विकतो आणि त्या पैशांतून घरी तांदूळ आणतो, त्याचे वैर निष्कारण आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे? मासा मरतो हे खरे. पण तो का मरतो, या प्रश्नास तेथे उत्तर आहे.

मग निष्कारण वैरी कोण? हे पारखावयास एक चिमुकली वस्तू उपयोगी पडते. ती आपल्या तलावांवरची नव्हे, अमेरिकेतील डोंगरी नद्यांवरची आहे. उन्हाळा सरता सरता तेथे काठच्या गवतातले नाकतोडे वाऱ्याने प्रवाहात पडतात आणि ट्राउट मासे त्यांची वाट पाहतात. हौशी शिकारी फोमची पट्टी गळाच्या दांड्यावर दुमडतो, ठरावीक अंतरावर दोरा आवळून पोटाची वळी उठवितो आणि रबराचे पाय गाठ मारून गुडघ्यात वाकवितो. फोममध्ये हवेचे बंद कप्पे असल्यामुळे हा नाकतोडा बुडत नाही. त्याच्या पाठीवर भडक रंगाचा एक तुकडाही बसवितात. तो शिकाऱ्याच्या डोळ्यांकरिता. माशास खालून केवळ पोट दिसते. एवढे कौशल्य खर्चून धरलेला मासा पुष्कळदा लगेच पाण्यात सोडून देतात.

या मंडळींचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. माशाने आपणावर विश्वास टाकलेला नसतो. तेव्हा त्यास फसविणे हा विश्वासघात नव्हे. हे मान्य करावयास हरकत नाही. गळाला गांडूळ लावणारे पोरही फसवितेच. आणि पानासारखे दिसणारे कीटक तर निसर्गानेच निर्मिले आहेत. दोष कपटात नाही. दुसरे म्हणणे असे की, मासा सोडून दिला म्हणजे हिशेब फिटला. येथे मात्र अडचण आहे. ट्राउटच्या तोंडाभोवती इजा जाणणारे मज्जातंतू असल्याचे ब्रिटनमधील संशोधकांनी २००३ साली दाखविले. तथापि जाळ्यातला मासाही तडफडतोच. म्हणून केवळ वेदनेनेही निकाल लागत नाही. निकाल लागतो तो कारणाने. जर्मनीच्या १९७२ च्या कायद्याने सयुक्तिक कारणावाचून प्राण्यास पीडा देण्यास मनाई केली. त्यामुळे सोडून देण्याच्याच हेतूने मासे धरणे तेथे सामान्यतः गैर मानले जाते. खाण्यासाठी मासा धरणे हे कारण ठरते, करमणूक ठरत नाही. भर्तृहरीचा शब्द तेथे जणू कायद्यात उतरला आहे.

शिकाऱ्याचे सर्वांत वजनदार म्हणणे पुढेच आहे. खोटा नाकतोडा करावयाचा तर खरा नाकतोडा, वारा, पाणी हे सर्व निरखावे लागते. त्यातून नदीवर प्रेम जडते आणि असे लोक नदी राखावयास पुढे येतात. हे खोटे नाही. पण प्रेम हेच जर कारण असेल, तर त्या नाकतोड्यात काटा कशास हवा? काट्यावाचूनही मासा वर येईल, तोंड घालील आणि निघून जाईल. पाहण्याचा आनंद पुरा मिळेल. एवढ्याने ज्याचे समाधान होत नाही, त्यास पाहण्याहून निराळे काही हवे आहे. ते म्हणजे दुसऱ्या जिवास क्षणभर आपल्या मुठीत धरल्याचे सुख.

आणि हे सुख नदीकाठीच मिळते असे नाही. भर्तृहरीने तिसरी जोडी सज्जन आणि चहाडखोर यांची योजिली, ती उगीच नव्हे. चार मंडळींत एखाद्या भोळ्या माणसास बोलण्याच्या आमिषाने ओढावे, तो फसला की हसावे आणि मग ‘थट्टा केली हो!’ म्हणून त्यास सोडून द्यावे, हा प्रकार आपल्या सुशिक्षित घरांत नित्य घडतो. सोडून दिले एवढ्याने आपण दयाळू ठरत नाही. त्यास ओढले कशाकरिता, याचे उत्तर ढिवरापाशी आहे. आपणापाशी आहे काय?